पाहुण्याचा पत्ता

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, नाक पुसलेला कागदी रुमाल घडी घालून खिशात ठेवतात. वाळला की पुन्हा वापरतात. ताईच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा हे पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांच्या हातून काही घेताना मी ते चिमटीत धरते. नशीब असं की पुढे मला नोकरी लागली ती त्यांच्याच खात्यात आणि टेबल मिळालं ते त्यांच्याच खोलीत. अधूनमधून सोसायचा माणूस रोज सकाळी समोर बसायला लागला.

कचेरीत त्यांना मागून सगळे अर्धेसाहेब म्हणतात. नाव शिपायानं ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की नवीन आलेल्या माणसाला ते खरं आडनावच वाटतं. ते चहा अर्धा कप घेतात. खोलीतले दिवे अर्धे लावतात. त्यांच्या डोक्यावरचा लागतो, माझ्या डोक्यावरचा नाही. बिस्किट अर्धं खाऊन उरलेलं दातांच्या खुणांसकट डब्यात परत ठेवतात, आणि डबा सगळ्यांचा आहे. एकदा मी न बघता ते उचललं. त्याची कड ओली होती. तेव्हापासून मी कचेरीत बिस्किट खात नाही.

खोटं कशाला बोलू, माणूस लबाड नाही. कुणाचं खात नाही, कुणावर ओरडत नाही, सकाळी सगळ्यांच्या आधी येतो. जमिनीखालच्या नळ्यांतून सरपटत तारा ओढण्यापासून सुरुवात करून साहेबाच्या खुर्चीपर्यंत पोचलेला आहे. लहानपणी घरात माणसं फार आणि अन्न कमी. भावंडांत हे शेंडेफळ, त्यामुळे पातेलं त्यांच्यापर्यंत यायचं तेव्हा तळ खरवडायचा तेवढा उरलेला असायचा. ताई हे सांगते तेव्हा तिचे डोळे भरून येतात. माझे येत नाहीत. लहानपणी उपाशी राहिलेली सगळीच माणसं मोठेपणी दुसऱ्याचे घास मोजत बसत नाहीत.

त्यांच्या घराची मागची खोली ही तर वेगळीच कथा. घर तळमजल्यावर, पुढे दोन खोल्या आणि मागे एक. मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत कचेरीनं टाकून दिलेलं सामान रचलेलं: बंद पडलेले राउटर, फुटके कीबोर्ड, तारांची भेंडोळी, जुन्या बॅटऱ्या, रिकामी खोकी आणि त्या खोक्यांत बसवलेली आणखी लहान खोकी. 'उपयोगी पडेल' हे त्यामागचं तत्त्वज्ञान. उपयोग आजवर फक्त झुरळांना झाला. दार उघडलं की गळक्या बॅटरीचा आंबट वास आणि उंदराच्या लेंड्या. ताई नाकाला पदर लावून आत झाडू मारायची, तेही दारापासून जेमतेम हात पोचेल तेवढंच.

आता आमचं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमचं खातं पाण्याचं. शहरभर टाक्या आणि पंपघरं पसरलेली आहेत. कुठल्या टाकीत किती पाणी आहे ते कचेरीतल्या पडद्यावर दिसतं आणि पंपही तिथूनच चालू-बंद होतात. त्यासाठी प्रत्येक पंपघरापासून कचेरीपर्यंत एकेक जोडणी आहे. जोडणीच्या या टोकाला एक राउटर, त्या टोकाला एक राउटर. जवळच्या ठिकाणी मधे तार असते. टेकडीवरच्या टाकीसारख्या लांबच्या ठिकाणी दोन उंच खांबांवर दोन रेडिओ, एकमेकांकडे तोंड करून बसवलेले.

या यंत्रांना बोलायचं तर प्रत्येकाला पत्ता लागतो, आकड्यांचा. पत्ते सुटे मिळत नाहीत, गटानं घ्यावे लागतात: दोनाचा गट, चाराचा, आठाचा, सोळाचा. शिवाय गटातला पहिला आणि शेवटचा पत्ता कुणाला द्यायचा नाही असा नियम आहे. पहिला म्हणजे गटाचं नाव, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला. दोनाच्या गटाला तेवढी सूट, कारण तिथं आहेतच दोघं, हाक मारायची कुणाला? तारेच्या जोडणीला मीही दोनाचाच गट देते. तिथं दोघांमधे तिसरं कुणी नसतं, मग उगाच ऐसपैस कशाला?

टेकडीच्या जोडणीला मात्र मी आठाचा गट दिला होता. शून्य आणि सात नियमानं बाजूला. एक नंबर कचेरीतल्या राउटरला, दोन नंबर टेकडीवरच्या. तीन आणि चार खांबांवरच्या रेडिओंना. कारण रेडिओ वाऱ्यानं हलतात, पावसात आजारी पडतात. त्यांना पत्ता असला तर खुर्चीत बसून त्यांची तब्येत विचारता येते, नसला तर शिडी घेऊन जावं लागतं. पाच नंबरचा पत्ता मी पाहुण्याला ठेवला होता. पाहुणा म्हणजे दुरुस्तीला गेलेला माणूस. त्यानं आपला लॅपटॉप तिथं जोडला तर त्याला बसायला जागा हवी. सहा नंबर मोकळा, असू दे म्हणून.

आणि हे पत्ते फुकट असतात. विकत घ्यावे लागणारे पत्ते निराळे, ते बाहेरच्या जगासाठी. आमचे घरातल्या घरात वापरायचे, कितीही घ्या, संपायचे नाहीत. नदीकाठी बसून चूळ भरायला पाणी जपून वापरावं तशी ती काटकसर. पण अर्धेसाहेबांच्या मनाला त्या रिकाम्या पाच आणि सहानं कुसळासारखं टोचायला सुरुवात केली होती. 'आठ घेतलेत आणि वापरताय किती?' असं ते अधूनमधून विचारायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्याच सुमारास आई पडली. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग चालायला शिकवायला दवाखान्यानं तिला एका वॉर्डात हलवलं. आता त्यांचं म्हणणं होतं, घरी न्या, पण जिना चढायला लावू नका. आई राहायची वरच्या मजल्यावर. मी राहते तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. तळमजला होता तो ताईचा, आणि तळमजल्यावरच्या खोलीत राहत होती झुरळं.

ताईनं विचारलं तेव्हा मी समोर होते. भावोजी दाताच्या फटीतलं काहीतरी काडीनं काढत होते. काढलं, बघितलं, पुन्हा तोंडात टाकलं आणि म्हणाले, "बघू."

त्यांच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ताईनं नवीन पंखा मागितला तेव्हाही ते 'बघू' म्हणाले होते, आणि तिचे उन्हाळेच्या उन्हाळे पुठ्ठ्यानं वारा घेण्यात गेले.

"बघायला वेळ नाहीये," ताई म्हणाली. "महिनाअखेर वॉर्ड सोडायचाय."

"जागा कुठंय? तूच सांग. सामान काय रस्त्यावर ठेवू?"

"रस्त्यावर ठेवलंत तर कुणी उचलणारसुद्धा नाही," मी म्हणाले.

"तुझी थट्टा चालते गं. लागतं तेव्हा कळतं." एवढं बोलून ते हात धुवायला गेले, आणि विषय संपला.

दवाखान्यानं दुसरी सोय सुचवली होती, शहराबाहेरचा एक वृद्धाश्रम. मी जाऊन पाहून आले. ओळीनं खाटा, मधे चादरींचे पडदे, कोपऱ्यात झाकण नसलेली बादली. एक आजी माझा हात धरून मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारत होत्या, आणि तिथली बाई त्यांच्या तोंडाला लागलेलं जेवण त्यांच्याच पदरानं पुसत होती. येताना मी रस्त्याच्या कडेला थांबून ओकले. आईला तिथं ठेवायचं नाही, एवढं तिथंच ठरवलं. कसं नाही ठेवायचं, ते मात्र सुचत नव्हतं. आईला मी काही सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. भेटायला गेले की म्हणायची, "माझं काय, मला एक कोपरा पुरतो."

अशात साहेब एका प्रशिक्षणाला जाऊन आले. येताना फुकटचं पेन, फुकटची पिशवी आणि एक नवीन ज्ञान घेऊन आले: दोन टोकांच्या जोडणीला दोनाचा गट पुरतो. शिकवणाऱ्यानं ते पत्ते विकत घेणाऱ्यांसाठी सांगितलं असणार. पण उंटावरच्या शहाण्याला तेवढं कोण समजावणार?

"मॅडम, टेकडीचा आठाचा गट दोनाचा करा," ते म्हणाले. कचेरीत चारचौघांत ते मला 'अहो मॅडम' म्हणतात आणि मी त्यांना 'साहेब'. घरी ते 'अगं' आणि मी 'भावोजी'. हे कुंपण आम्ही दोघांनीही कधी ओलांडलं नव्हतं.

"साहेब, खांबावरच्या रेडिओंचं काय?"

"त्यांना पत्ता कशाला? ते काय आपणहून बोलतात? इकडचं तिकडं टाकतात. त्यांना काढा."

"आणि कुणी दुरुस्तीला गेलं तर?"

"तो पाहुणा ना तुमचा? इतक्या दिवसांत कधी आला का?"

"आला नाही म्हणून येणारच नाही असं थोडंच आहे?"

"येईल तेव्हा बघू." आणि त्यांनी खिशातून तो रुमाल काढला.

मी नाही म्हणाले. लेखी द्या, मग करते, म्हणाले. लेखी द्यायला कागद लागतो, तेव्हा ते देणार नाहीत हे मला माहीत होतं. माझा अंदाज चुकला तो एवढाच, की मी नाही म्हटल्यावर ते स्वतः करायला बसतील हे माझ्या लक्षात आलं नाही. खुर्ची मिळाल्यापासून त्यांनी राउटरला हात लावला नव्हता.

मी दुपारी जेवून परत आले तर साहेब माझ्या खुर्चीत. कपाळावर घाम, आणि पडद्यावर टेकडीची टाकी लाल. लाल म्हणजे तिकडून काहीच येत नाही. तेवढ्यात फोन वाजला. टेकडीवरचे पंपवाले काका होते.

"तुमचं काय चाललंय तिकडं? माझा पंप आपोआप बंद पडला. हातानं चालू केलाय. पण मी संध्याकाळपर्यंतच आहे हां, नंतर इथं कुणी नसतं."

मी त्यांना म्हटलं, काका, चालू ठेवा, बघते. लोकांच्या नळाला पाणी होतं, म्हणजे आभाळ कोसळलेलं नव्हतं. पण संध्याकाळी खात्याचे मोठे साहेब पडद्यासमोरून गेल्याशिवाय घरी जात नाहीत, आणि लाल रंग त्यांना लांबूनही दिसतो. चालतं कामकाज विनाकारण बंद पाडलं म्हणून त्यांनी याच्याआधी एका साहेबाला गोदामात पाठवलं होतं, पाइप मोजायला. अर्धेसाहेबांना निवृत्त व्हायला थोडाच काळ उरला होता.

"तुम्ही केलंत काय?" मी विचारलं.

"नियमानं केलं. आधी लांबचं टोक बदललं. आधी जवळचं बदललं असतं तर बसलेली फांदी तोडल्यासारखं झालं असतं. एवढं कळतं मला."

"पत्ते कुठले ठेवलेत?"

"जे होते तेच. एक आणि दोन. शेजारी शेजारी आहेत, जोडीच झाली की."

मी डोक्याला हात लावला. दोनाचे गट शून्यापासून पडतात. शून्य आणि एक ही एक जोडी, दोन आणि तीन ही दुसरी. एका मजल्यावर दोन दारं असतात तसं आहे ते. एक आणि दोनचे आकडे लागोपाठ, पण दारं वेगळ्या मजल्यांवर, आणि मधे जिना नाही. टेकडीवरचा राउटर आता फक्त तीन नंबरला ओळखत होता. एक नंबरवरून कचेरी कितीही हाका मारो, त्याच्या लेखी तो परका माणूस. आणि तीन नंबर दिलेला होता आमच्याच खांबावरच्या रेडिओला, ज्याला साहेब पत्ता काढून हाकलायला निघाले होते.

"जीप काढू का?" ते म्हणाले. "वर जाऊन करता येईल?" त्यांचा आवाज बारीक झाला होता. मग इकडेतिकडे बघून, अगदी हळू, "अगं, मोठे साहेब यायच्या आत होईल ना?"

कचेरीत त्यांनी मला 'अगं' म्हटलं ते पहिल्यांदा. दया यायला हवी होती. मला त्यांच्या मानेवरून कॉलरमधे उतरणारा घाम दिसत होता आणि माझ्या खुर्चीचं कापड त्यानं ओलं झालं होतं. मला फक्त शिसारी आली.

"उठा," मी म्हणाले.

काम पाच मिनिटांचं होतं. आमच्या खांबावरच्या रेडिओला तीन नंबरवरून उठवून सहावर बसवलं. तो सहा, जो उगाच मोकळा ठेवल्याबद्दल मी टोमणे ऐकत आले होते. तीन रिकामा झाल्यावर कचेरीच्या राउटरला तिथं नेलं. आता टेकडीला आपल्या मजल्यावर ओळखीचा शेजारी दिसला आणि तिनं दार उघडलं. आत जाऊन तिचा गट पुन्हा आठाचा केला, मग एकेकाला आपापल्या जागी परत बसवलं. पडद्यावरची टाकी हिरवी झाली. काकांचा फोन आला की इकडं सगळं ठीक, आता मी हात काढतो.

साहेबांनी श्वास सोडला, दातांतून, शिट्टीसारखा. मग खुर्ची ओढून जवळ बसले.

"मॅडम, हे आपल्यातच राहू दे. विचारलं कुणी तर वीज गेली होती म्हणायचं."

तोवर माझ्या डोक्यात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण ते 'आपल्यातच' ऐकलं आणि मला त्या आश्रमातली बादली आठवली.

"भावोजी," मी म्हणाले. कचेरीत मीही पहिल्यांदाच म्हणाले. "मागची खोली रिकामी करा."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग चेहरा असा झाला, जसं काही मी त्यांच्या खिशात हात घातला.

"हे बरोबर नाही हां. कामाच्या ठिकाणी घरच्या गोष्टी—"

"वीज गेली होती हे तरी कुठं बरोबर आहे?"

"बघू," ते म्हणाले.

"बघू नाही. हो म्हणा."

बाहेर मोठ्या साहेबांच्या चपलांचा आवाज आला. दार ढकलून ते आत डोकावले, पडद्याकडे बघितलं. "मघाशी काहीतरी लाल दिसलं म्हणे?"

मी भावोजींकडे बघितलं. भावोजींनी खालच्या मानेनं, ओठ न हलवता म्हटल्यासारखं म्हटलं, "हो."

"वीज गेली होती सर," मी म्हणाले. मोठे साहेब गेले. मला माझी पण किळस आली. आईला झोपायला एक खाट हवी, तीही पोटच्या पोरीच्या घरात, आणि ती मिळवायला मला खोटं विकावं लागलं. घरी जाऊन मी साबणानं हात धुतले, कशाला ते माझं मलाच ठाऊक नाही.

सुट्टीच्या दिवशी मी आणि ताई तोंडाला फडकी बांधून खोलीत शिरलो. भावोजी दारात उभे, प्रत्येक वस्तू बाहेर जाताना तिच्यावरून हात फिरवत. एका खोक्यात उंदरानं पिल्लं घातली होती, ती मेलेली होती, आणि त्यांच्याखाली तारा चिकटून काळ्या झाल्या होत्या. ताई बाहेर जाऊन बसली. भावोजींनी तारा उचलल्या, पिल्लं झटकली आणि म्हणाले, "तार चांगली आहे." मी तोंडावरच्या फडक्याची गाठ आणखी आवळली.

दुपारी दोन टेम्पो भरतील एवढं काढायचं होतं, आणि एकही भरला नाही. थोडं सामान ते भंगारवाल्याला द्यायला तयार झाले. बाकीचं त्यांनी म्हणे नीट लावून ठेवलं. मी संध्याकाळी बघायला गेले तर खोलीच्या मधोमध खोक्यांची भिंत, छताला टेकलेली, आणि अलीकडे एक पट्टी मोकळी. हातात टेप घेऊन ते खाटेची रुंदी मोजत होते. खाट आत सरकवली. एका बाजूला खरी भिंत, दुसऱ्या बाजूला खोक्यांची, आणि दोन्हीकडे बोट जाईल एवढी फट.

"बसली की नाही बरोबर?" ते म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं. "एक इंच वाया नाही."

"भावोजी, आईशेजारी बसायचं कुणी तर कुठं बसायचं?"

"बसायचं काय त्यात. दारातून बोलता येतं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी ताईकडे बघितलं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे, निदान खाट तरी आली. सगळं आयुष्य तिनं असंच काढलंय, निदान एवढं तरी म्हणत. त्या क्षणी मला भावोजींपेक्षा तिचाच राग जास्त आला.

आईला आणलं. काठी टेकत, ताईच्या खांद्याचा आधार घेत ती दारातून आत आली, खाटेच्या पायथ्याकडून वर चढली, कारण दुसरीकडून चढता येत नव्हतं. आडवी झाली. भिंतीला नुकत्याच मारलेल्या चुन्याचा वास येत होता, आणि त्याच्याखाली आंबट बॅटरीचा, तो जाता जात नाही. तिनं इकडं भिंत बघितली, तिकडं खोकी बघितली आणि म्हणाली, "छान आहे हो. ऊबदार आहे."

मी दारात उभी होते. ताई माझ्यामागे, भावोजी तिच्यामागे.

"अगं, उभी का? बस की," आई म्हणाली. मग तिनं मान उचलून खोलीभर बघितलं, आणि तिला दिसलं की बसायला जागा नाही. तिनं दोन्ही हातांनी मोडलेला पाय मांडीखाली धरला आणि उचलून भिंतीकडे ओढला. ओढताना तिचे ओठ पांढरे पडले. खाटेच्या कडेवर वीतभर जागा झाली. तिथं हात थोपटत ती म्हणाली, "ये, इथं बस."

मी बसले नाही. बसवलंच नाही.

"जावईबापू, तुम्हीही या ना," तिनं मागं बघत म्हटलं, आणि पुन्हा पायाला हात घातला.

"नको, नको," भावोजी म्हणाले. "तुम्ही पाय हलवू नका." आणि ते पुढच्या खोलीत निघून गेले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, ते मी आधी ऐकलं नव्हतं. काय होतं ते शोधत बसायची मला गरज वाटली नाही.

दोन दिवसांनी मी गेले तर खोक्यांच्या भिंतीत दाराजवळ एक खिंडार पडलेलं, आणि त्यात स्टूल. स्टूल म्हणजे जुन्या राउटरचा लोखंडी डबा उभा करून वर पुठ्ठा बांधलेला. ताई म्हणाली, यांनी स्वतः केलं, कुणी न सांगता. दोन खोकी अंगणात टाकली आणि दिवसभर जेवले नाहीत. तिला वाटत होतं मी काहीतरी चांगलं बोलेन.

"एकच आहे," भावोजी पुढच्या खोलीतून म्हणाले. "दोघी एकदम आलात तर एकीनं उभं राहायचं."

मी त्या डब्यावर बसले. पुठ्ठ्याखालून स्क्रू टोचत होते. दोन खोकी टाकून माझ्या मनातलं किल्मिष जाईल एवढी मी थोर नाही, आणि तसं मी ताईला स्पष्ट सांगितलं. टेकडीच्या जोडणीतल्या रिकाम्या पाच नंबरचा विषय मात्र त्यांनी परत कधी काढला नाही. परवा दुसऱ्या एका रेडिओला मी आठाचा गट देत होते तर मागं येऊन उभे राहिले, बघत राहिले, आणि रुमालाला नाक पुसून आपल्या जागेवर गेले.

आईचं हाड आता जुळलंय. काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. मी रोज कचेरीतून सुटले की तिच्याकडे जाते, दारात चपला काढते आणि स्टूल पुढे ओढते. पण माझं पाऊल वाजलं की तिचे हात आधी त्या पायाकडे जातात. मी म्हणते, आई, स्टूल आहे, राहू दे. ती म्हणते, हो हो, विसरलेच बघ. डॉक्टरांनी दोनदा बजावलंय, पाय असा ओढायचा नाही, जुळलेलं पुन्हा सरकेल. तरी दुसऱ्या दिवशी मी येते, स्टूल रिकामं असतं, आणि ती ओठ दाबून पाय भिंतीकडे ओढून घेते.